कॉलेजात जर्मन घेताना: पहिल्या तासापासून ए-वन परीक्षेपर्यंत

अकरावीला सेकंड लँग्वेज म्हणून जर्मन घेतलं असेल, पदवीच्या पहिल्या वर्षी क्रेडिट कोर्स म्हणून निवडलं असेल, किंवा कॉलेज सांभाळून संध्याकाळच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं असेल, तरी पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या अडचणी जवळपास सारख्याच असतात. आर्टिकल लक्षात राहत नाही, क्रियापद भलत्याच जागी पडतं आणि ऐकलेलं सगळं डोक्यावरून जातं. यातल्या बऱ्याच अडचणी जर्मनमुळे येत नाहीत, जर्मन इंग्रजीतून शिकल्यामुळे येतात. पुस्तक इंग्रजीत समजावतं आणि आपण वहीत अर्थही इंग्रजीतच लिहितो. वास्तविक मराठी बोलणाऱ्याकडे तीन लिंगं आहेत, विभक्ती आहेत, "मला थंडी वाजते" अशी वाक्यरचना आहे. त्यांचा वापर करा. मराठी कुठे कामी येते आणि कुठे फसवते, हेही पुढे त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

१. आपला कोर्स नेमका कोणता, हे आधी समजून घ्या

युरोपीय भाषांच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू अशा सहा आहेत. तुमची सुरुवात ए-वनपासून. ही पातळी गाठायला, आधीची ओळख किती आहे त्यानुसार, ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात असं गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे जगभर जर्मन शिकवणारी जर्मनीची संस्था, सांगते. आता कॉलेजचा हिशोब करा. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ घड्याळी तास. दोन क्रेडिटचा कोर्स म्हणजे ३० तास, म्हणजे ४५ मिनिटांचे ४०. कमीत कमी गरजेच्याही हे निम्मंच झालं. म्हणून एका सेमिस्टरमध्ये ए-वन पूर्ण होईल असं धरून पुढची आखणी करू नका. दोन सेमिस्टर आणि घरचा अभ्यास धरला तर जमतं.

पुण्यात फर्ग्युसन रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. तिथे कॉलेज करता करता सर्टिफिकेट, मग डिप्लोमा असं वर्षावर्षाने पुढे जाता येतं. गोएथे इन्स्टिट्यूटची केंद्रं आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन या नावाने ओळखली जातात. पुण्यातलं बोट क्लब रोडला आहे आणि मुंबईतलं काळा घोडा भागात. १८२३ साली डेसाउला जन्मलेल्या ज्या मॅक्स म्युलरचं हे नाव आहे, त्यांनी सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढला, पण ते भारतात कधीच आले नाहीत.

प्रवेश घेण्याआधी ऑफिसात आणि शिकवणाऱ्यांना एवढं विचारून घ्या: एकूण तास किती, वर्षाअखेर पातळी कोणती, बॅचमध्ये मुलं किती, आणि तोंडी परीक्षा आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्या कोर्सला तोंडी परीक्षा नसते, तिथे वर्गात बोलणंही सहसा कमीच होतं.

मोठा सापळा इथेच आहे. कॉलेजचं सर्टिफिकेट आणि ए-वनचं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनीत राहणाऱ्या जोडीदाराकडे जाण्यासाठी व्हिसा काढताना जे ए-वन मागतात, ते मान्यताप्राप्त परीक्षेचंच लागतं. बोर्डाच्या परीक्षेत शंभरपैकी पंचाण्णव असले तरी ते तिथे चालत नाहीत. तसंच, जर्मन माध्यमातून पदवी करायची असेल तर ए-वन ही फक्त पहिली पायरी आहे. विद्यापीठं साधारण बी-टू ते सी-वनच्या आसपासची भाषा मागतात. म्हणून बारावीनंतर जर्मनीला जायचं मनात असेल तर अकरावीपासूनच कोर्स जोडत जा.

२. कागदपत्रं आणि सामान

कॉलेजच्या प्रवेशाला नेहमीचीच कागदं लागतात: शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला किंवा चालू कॉलेजचं ओळखपत्र, आधार, फोटो. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. बाहेरच्या ए-वन परीक्षेसाठी फोटो असलेलं मूळ ओळखपत्र लागतं. पासपोर्ट असेल तर नोंदणी त्यावरच्या नावानेच करा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. तोच क्रम जर्मन फॉर्ममध्ये उतरवला की घोळ होतो. "फोरनामे" म्हणजे स्वतःचं नाव, "फामिलिएननामे" किंवा "नाखनामे" म्हणजे आडनाव. प्रमाणपत्रावर एकदा नाव उलटं छापलं गेलं की दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात.

अभ्यासासाठी:

- पाठ्यपुस्तक आणि त्याचं सरावपुस्तक, दोन्ही. झेरॉक्स काढलीत तर सोबतचं ऑडिओ वेगळं मिळवावं लागेल. ऑडिओ नसेल तर पुस्तकाचा निम्मा उपयोग जातो.
- दोन वह्या. एक व्याकरणाची आणि एक फक्त शब्दांची.
- निळं, लाल आणि हिरवं पेन.
- मोबाइलवर जर्मन कीबोर्ड. आ, ओ, ऊ या स्वरांवर दोन टिंबं देता आली पाहिजेत. टिंबं नसतील तिथे त्या अक्षराला ई जोडून लिहायची पद्धत आहे. टिंबं नुसती गाळणं ही मात्र स्पेलिंगची चूक.
- डूडेनसारखा शब्दकोश, ज्यात आर्टिकल आणि अनेकवचन दिलेलं असतं.

भाषांतर करणाऱ्या ॲपवर पूर्ण वाक्यं टाकू नका. मराठी वाक्य इंग्रजीतून फिरून आलं की "तू" आणि "तुम्ही" यातला फरक पुसला जातो. मग प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्रात एकेरी संबोधन जातं आणि तुम्हाला ते कळतही नाही.

३. पहिले दोन आठवडे उच्चारांना द्या

व्याकरण उशिरा आलं तरी चालेल, उच्चार नको. चुकीचे बसले की काढायला फार त्रास होतो. चांगली गोष्ट अशी की जर्मन बहुतांशी लिहितात तशीच वाचतात.

झेड हे अक्षर "त्स" असं उच्चारतात. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात. आपल्याला तो ध्वनी लहानपणापासून येतो: चोर, चाक, चमचा यांतला च. चार आणि चंद्र यांतला नव्हे. दहाला "त्सेन" म्हणताना चोरातला च म्हणा, काम झालं. एसच्या पुढे स्वर आला की तो जोर या शब्दातल्या ज-कडे झुकतो, म्हणून "झी", "झोने". डब्ल्यू म्हणजे आपला व, पण वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. व्ही हे अक्षर बहुतेक जर्मन शब्दांत फ होतं. तुम्ही ज्या गाडीला वोक्सवॅगन म्हणता तिचा खरा उच्चार "फोल्क्सव्हागेन" असा आहे. जे म्हणजे य. शब्दाच्या सुरुवातीला एस-पी आणि एस-टी आले की "श्प", "श्ट". ई-आय ही जोडी "आइ", आय-ई ही जोडी "ई", ई-यू ही जोडी "ऑय".

सी-एच या जोडीचे दोन उच्चार आहेत. आ, ओ, ऊ नंतर घशातून घासून येणारा ख: "बूख", "नाख्ट". इ, ए नंतर मऊ उच्चार, जो "ह्याला" म्हणतानाच्या ह्य-जवळ जातो. "मी" या अर्थाचा शब्द आपण सोयीसाठी "इश" लिहितो, पण तो पक्का श नाही. "इच" किंवा "इक" तर अजिबात नाही.

टिंबं असलेले स्वर मराठीत नाहीत, ते घडवावे लागतात. टिंबं असलेल्या ऊ-साठी लांब "ई" म्हणायला लागा आणि जीभ न हलवता ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करा. ओ-साठी तसंच, फक्त सुरुवात "ए"ने. आरशासमोर रोज पाच मिनिटं करा. यात दुर्लक्ष केलं तर अर्थच बदलतो. टिंबांशिवाय "शोन" म्हणजे आधीच, टिंबांसह सुंदर. "कूखेन" म्हणजे केक, आणि टिंबं देऊन शेवटचा न काढला की स्वयंपाकघर.

शब्दाच्या शेवटी येणारे ब, द, ग हे प, ट, क होतात: कुत्रा "हुंट", दिवस "टाक". आपला ट जरा पुढे, दातांच्या मुळाशी आणा आणि शब्दाच्या सुरुवातीला त्याला थोडी हवा द्या.

आता मुळाक्षरं. ए-वनच्या तोंडी परीक्षेत नावाचं स्पेलिंग सांगायला लावतात आणि हमखास गोंधळ तिथेच होतो. जर्मनमध्ये "आ" म्हणजे ए हे अक्षर, "ए" म्हणजे ई, आणि "ई" म्हणजे आय. कानावर "ई" पडलं की हात सवयीने चुकीचं अक्षर लिहितो. जी हे "गे", जे हे "योट", व्ही हे "फाउ", डब्ल्यू हे "व्हे", झेड हे "त्सेट". जोशी आडनावाचं स्पेलिंग "योट, ओ, एस, हा, ई" असं होईल, आणि देशपांडे म्हणजे "दे, ए, एस, हा, पे, आ, एन, दे, ए". एकच अक्षर दोनदा येत असेल तर आधी "डोपेल" म्हणायचं. स्वतःचं नाव, आडनाव, रस्ता आणि गाव यांची स्पेलिंगं झोपेतही सांगता येतील इतकी घोटा.

४. शब्द कधीच एकटा पाठ करू नका

प्रत्येक नामाला देअर, दी किंवा दास यांपैकी एक आर्टिकल असतं: पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी. तीन लिंगं ही कल्पना आपल्याला शिकवावी लागत नाही. अडचण ही की लिंगं जुळतात याची खात्री नाही. पुस्तक ते, जर्मनमध्येही "दास बूख". घर ते, "दास हाउस". पण टेबल ते आणि "देअर टिश". झाड ते आणि "देअर बाउम". सूर्य तो आणि "दी झोने". म्हणून मराठीवरून लिंग ओळखायला जाऊ नका.

मराठी उपयोगी पडते ती सर्वनामाला. "खुर्ची कुठे आहे?" याला आपण "ती तिकडे आहे" म्हणतो, "ते" म्हणत नाही. जर्मनमध्ये अगदी हेच. टेबल "देअर" असेल तर पुढच्या वाक्यात ते "एअर", म्हणजे "तो". इंग्रजीच्या सवयीने सगळ्या निर्जीव वस्तूंना "एस", म्हणजे "ते", म्हणणं ही पहिल्या वर्षाच्या पेपरांत नेहमी दिसणारी चूक.

वहीत शब्द लिहिताना तीन गोष्टी एकत्र लिहा: आर्टिकल, शब्द, अनेकवचन. देअर निळ्याने, दी लालने, दास हिरव्याने. अनेकवचनाचे प्रकार बरेच आहेत आणि नंतर वेगळे पाठ होत नाहीत. हे नियम मात्र पाठ करण्यासारखे आहेत:

- उंग, हाइट, काइट, शाफ्ट, त्सिओन, टेट या शेवटांचे शब्द स्त्रीलिंगी.
- खेन आणि लाइन या लघुत्वदर्शक शेवटांचे शब्द नपुंसकलिंगी. म्हणून मुलगी, "मेटखेन", ही नपुंसकलिंगी. आपल्या "पोरगं"सारखंच समजा.
- वार, महिने आणि ऋतू पुल्लिंगी.
- शेवटी हलका ए असलेले बरेचसे शब्द स्त्रीलिंगी, पण "देअर नामे" आणि "दास एंडे" असे अपवाद आहेत.

लांबलचक जोडशब्दांना घाबरू नका. आपल्याकडे राजवाडा पुल्लिंगी ठरतो तो वाड्यामुळे. तसंच जर्मनमध्ये शेवटचा शब्द लिंग ठरवतो. "दास हाउस" आणि "दी ट्युअर" मिळून घराचं दार होतं "दी हाउसट्युअर". अर्थही शेवटून पुढे लावत या.

आणि सगळी नामं मोठ्या अक्षराने सुरू होतात, वाक्यात कुठेही असली तरी. लेखी पेपरात यावर फुकट गुण जातात.

५. आकडे, वेळ, पैसे

एकवीसला जर्मनमध्ये "आइनुंटत्स्वानत्सिश" म्हणतात, म्हणजे एक आणि वीस. इंग्रजी माध्यमातली मुलं याने वैतागतात, कारण ते ४७ ऐकून ७४ लिहितात. मराठीत आपण सत्तेचाळीस म्हणतो, म्हणजे सात आधीच येतात. म्हणून जर्मन आकडे मराठीत ऐका. एकच ठिकाण सांभाळा: आपले एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास पुढच्या दशकावरून मोजलेले असतात. जर्मनमध्ये ४९ हे सरळ नऊ आणि चाळीस. फोनवर दोनला "त्स्वाइ"ऐवजी "त्स्वो" म्हणतात, तीनच्या "द्राय"शी गोंधळ नको म्हणून. ऐकण्याच्या परीक्षेत हे येऊ शकतं.

वेळेत मात्र मराठी अर्धी मदत करते आणि अर्धी फसवते. "फिअर्टेल फोर आख्ट" म्हणजे पावणेआठ, "फिअर्टेल नाख आख्ट" म्हणजे सव्वाआठ, अगदी आपल्यासारखं. पण "हाल्प आख्ट" म्हणजे साडेआठ नव्हे, साडेसात. आठच्या दिशेने अर्धा तास झाला, असा तो हिशोब आहे. भेटीची वेळ चुकवणारा सगळ्यात नेहमीचा शब्द हाच. स्टेशनवरच्या घोषणा आणि वेळापत्रकं चोवीस तासांच्या घड्याळाने चालतात.

किमतीत दशांशाच्या जागी स्वल्पविराम आणि हजाराच्या जागी टिंब असतं. ३,५० म्हणजे साडेतीन युरो, १.२५० म्हणजे साडेबाराशे.

६. क्रियापदाची जागा

साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर. दुसरा शब्द नव्हे, दुसरी जागा. "इश गेए हॉयटे इन्स किनो", मी आज सिनेमाला जातो. "आज" पुढे आणलंत तर "हॉयटे गेए इश इन्स किनो" असं होतं, कर्ता मागे सरकतो आणि क्रियापद जागेवरच राहतं. "हॉयटे इश गेए" हे चूक.

दोन क्रियापदं आली की दुसरं थेट वाक्याच्या शेवटी जातं. "इश मुस हॉयटे डॉइच लेर्नेन." शेवटचा शब्द "शिकणे". मराठीत क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे ही रचना आपल्या कानाला खटकत नाही. "व्हाइल" म्हणजे कारण, त्यानंतरचं वाक्य तर मराठीच्या क्रमानेच लावा: "व्हाइल इश क्रांक बिन", कारण मी आजारी आहे. शब्दाला शब्द जुळतो.

काही क्रियापदांचा पहिला तुकडा सुटून शेवटी जातो. "आउफश्टेएन" म्हणजे उठणे, पण वाक्यात "इश श्टेए उम झेक्स ऊअर आउफ". लिहिताना शेवटचं "आउफ" विसरलं जातं. वाक्य संपवण्याआधी शेवट तपासायची सवय लावा.

भूतकाळात सहाय्यक क्रियापद म्हणून "हाबेन" (जवळ असणे) घ्यायचं की "झाइन" (असणे) हा प्रश्न सेमिस्टरच्या अखेरीला येतो. पहिली गाळणी मराठीचीच वापरा. "त्याने" येतं तिथे बहुधा हाबेन: त्याने खाल्लं, त्याने पाहिलं, त्याने वाचलं. "तो" येतो तिथे थांबून बघा. जागा बदलली (गेला, आला, पोहला) किंवा अवस्था बदलली (झाला, उठला) तर झाइन. "राहिला"लाही झाइन. पण "झोपला", "हसला" यांना हाबेन, कारण जागाही बदलत नाही आणि अवस्थाही. मराठीतली जोड क्रियापदं मात्र या गाळणीतून निसटतात. "त्याने प्रवास केला" याला जर्मनमध्ये झाइन लागतं.

७. विभक्ती: चारच आहेत

संस्कृतात आठ होत्या, इथे चार, आणि पहिल्या वर्षी त्यातल्या तीन पुरतात. आधी द्वितीया. तिच्यात फक्त पुल्लिंगी बदलतं: देअरचं देन, आइनचं (म्हणजे "एक"चं) आइनेन. दी आणि दास जसेच्या तसे. इथे मराठीचा "ला" लावून पाहू नका. आपण "भावाला पाहतो" म्हणतो पण "टेबल पाहतो" म्हणतो, सजीवाला प्रत्यय आणि निर्जीवाला नाही. जर्मन हा भेद करत नाही. टेबल विकत घेतलं तरी "देन टिश".

चतुर्थीला मराठी खरी उपयोगी. मला थंडी वाजते: "मिअर इस्ट काल्ट". मला आवडतं: "एस गेफेल्ट मिअर". चव मला आवडली: "एस श्मेक्ट मिअर". मी बरा आहे: "एस गेट मिअर गूट". इंग्रजीवरून "इश बिन काल्ट" म्हटलंत तर ते आपण थंड स्वभावाचे आहोत असं ऐकू येतं. ज्या वाक्यात मराठीत कर्ता "मला" होतो, तिथे आधी "मिअर"चा विचार करा. पण "तो मला पाहतो" मधला "मला" द्वितीयेचा आहे, तिथे "मिश".

शब्दयोगी अव्ययांचे दोन गट तोंडपाठ करा. मिट, बाय, फोन, त्सू, नाख, आउस, झाइट: नेहमी चतुर्थी. फ्युअर, ओने, गेगेन, उम, दुर्श: नेहमी द्वितीया. इन, आन, आउफ हे दोन्हीकडे जातात. एका जागी असणं चतुर्थी, तिकडे जाणं द्वितीया. मराठीत "घरात आहे" आणि "घरात जातो" दोन्हीकडे "त"च लागतो, त्यामुळे हा फरक मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो.

८. संस्कृतीचा पेपर पाठ करण्यापुरता नाही

बहुतेक अभ्यासक्रमांत "लांडेसकुंडे" असा भाग असतो. सोळा राज्यं, राजधानी बर्लिन, ९ नोव्हेंबर १९८९ला भिंत खुली झाली आणि ३ ऑक्टोबर १९९०ला एकीकरण झालं, तोच आज राष्ट्रीय दिन, एवढं येतंच. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचा मोठा भागही जर्मन बोलतो, हे विसरू नका.

सगळ्यात जास्त वेळ "दू" आणि "झी" यांना द्या. दू म्हणजे तू, झी म्हणजे तुम्ही, इथवर सोपं. पण आपल्याकडे मोठा माणूस लहानाला तू म्हणतो आणि लहान त्याला तुम्ही म्हणतो, यात कुणाला काही वाटत नाही. जर्मन भाषेत मोठ्या माणसांमध्ये हे नातं दोन्ही बाजूंनी सारखं असतं. प्राध्यापक विद्यार्थ्याला झी म्हणतात, विद्यार्थी त्यांना झी म्हणतो. दूवर यायचं असेल तर वयाने किंवा अधिकाराने मोठा माणूस तसं सुचवतो. तरुणांमध्ये, एका वर्गातल्या मुलांमध्ये सरळ दू. हाक मारताना "सर", "मॅडम" नाही, हेर किंवा फ्राउ आणि पुढे आडनाव.

पत्र लिहिताना मायन्यानंतर स्वल्पविराम द्यायचा आणि पुढची ओळ लहान अक्षराने सुरू करायची. नाम आलं तर अर्थात मोठंच. ओळखीच्या माणसाला "लीबे" किंवा "लीबर", अनोळखी किंवा अधिकाऱ्याला "झेअर गेएअर्टे" किंवा "झेअर गेएअर्टर". बाई की बुवा यावर शेवट बदलतो.

रोजच्या जगण्यातल्या या गोष्टी संवादांत वारंवार येतात, म्हणून आधीच माहीत असाव्यात. रविवारी दुकानं बंद असतात. पाण्याची एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली घेतली की २५ सेंट अनामत भरावी लागते आणि दुकानातल्या मशीनमध्ये बाटली टाकली की ती परत मिळते. त्याला "फांट" म्हणतात. कागद, वेष्टनं आणि ओला कचरा वेगवेगळ्या डब्यांत जातो. रात्री दहानंतर शांतता पाळतात. डॉक्टरकडे किंवा सरकारी कचेरीत जाताना आधी "टेरमिन", म्हणजे वेळ, घेतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, तिथे ते अशुभ मानतात. नाताळच्या भेटी २४ डिसेंबरच्या संध्याकाळी उघडतात.

९. आठवडा कसा लावायचा

आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा रोज चाळीस मिनिटं जास्त फळतात. दहा मिनिटं जुने शब्द, पंधरा मिनिटं सरावपुस्तक, पंधरा मिनिटं ऐकणं. नवे शब्द दिवसाला आठ-दहाच घ्या. ऐकताना आधी मजकूर न बघता दोनदा, मग मजकूर बघून एकदा, मग थांबवत थांबवत मोठ्याने मागून म्हणा. डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ए-वनचा व्हिडिओ अभ्यासक्रम मोफत आहे, तो कॉलेजच्या पुस्तकाला जोड म्हणून चांगला. त्यांच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या मात्र इतक्यात घेऊ नका. सावकाश असल्या तरी त्यातली भाषा बऱ्याच वरच्या पातळीची असते आणि नवशिक्याचा धीर सुटतो.

बोलायला वर्गातलाच एक जोडीदार धरा. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं, फक्त जर्मन. चुका झाल्या तर होऊ द्या, शेवटी वहीत टिपा. दिसायला इंग्रजी आणि अर्थाने वेगळे असे शब्द एका पानावर वेगळे ठेवा: "बेकोमेन" म्हणजे मिळणे, "गिफ्ट" म्हणजे विष, "हँडी" म्हणजे मोबाइल, "फास्ट" म्हणजे जवळजवळ, "व्हेअर" म्हणजे कोण आणि "व्हो" म्हणजे कुठे.

१०. परीक्षा

कॉलेजचा पेपर वर्गात झालेल्या धड्यांवर असतो. मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून काढा, प्रश्नांचा साचा लगेच कळतो. गाळलेल्या जागा, वाक्य जुळवणे, उताऱ्यावरचे प्रश्न आणि छोटं पत्र यावर भर असतो.

गोएथेची ए-वन परीक्षा वेगळी. ऐकणं सुमारे २० मिनिटं, वाचन २५, लेखन २० आणि तोंडी सुमारे १५. शंभरपैकी ६० गुण मिळाले की उत्तीर्ण. ऐकण्याच्या तीन भागांपैकी मधला भाग एकदाच ऐकवतात, बाकीचे दोनदा. म्हणून दुसऱ्या भागाचे प्रश्न आधीच्या मोकळ्या सेकंदांत वाचून ठेवा. लेखनात एक फॉर्म भरायचा असतो, पाच रकाने. मग सुमारे ३० शब्दांचा छोटा संदेश, ज्यात दिलेल्या तिन्ही मुद्द्यांवर लिहावं लागतं. एक मुद्दा सुटला तर बाकीचं कितीही सुंदर असलं तरी गुण जातात. प्रत्येक मुद्द्याला एक-दोन साधी वाक्यं, वर मायना, खाली सही.

तोंडी परीक्षा चारजणांपर्यंतच्या गटात होते. आधी स्वतःची ओळख, त्यात नाव, वय, देश, गाव, भाषा, काम आणि छंद. मग स्पेलिंग आणि एखादा नंबर. त्यानंतर कार्डावरच्या शब्दावरून समोरच्याला प्रश्न विचारायचा आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, शेवटी चित्रावरून विनंती करायची. पाठ केलेली ओळख घाईने म्हणू नका, परीक्षकाला समजणं हाच निकष आहे. प्रश्न कळला नाही तर "नोखमाल, बिटे" म्हणून पुन्हा विचारता येतं. नमुना प्रश्नपत्रिका ऑडिओसह गोएथेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. परीक्षेआधी किमान दोन, घड्याळ लावून, उत्तरपत्रिकेवर उत्तरं उतरवण्याच्या वेळेसह सोडवा. नोंदणीच्या जागा लवकर भरतात. तारीख जाहीर होण्याआधीच ओळखपत्र, नावाचं स्पेलिंग आणि ऑनलाइन पैसे भरायची सोय तयार ठेवा.